गुलमंडीच्या घरातला आवाज कुठे आहे?

छत्रपती संभाजीनगर
दि. १६ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
लग्नसमारंभ छायाचित्रण विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या तीन दिवसांच्या लग्नकार्याचे अपुरे चित्रीकरण, हळदीचा गेलेला डेटा आणि न मिळालेल्या मूळ फाइल्स यांबद्दल तक्रार.

महोदय,

पुढच्या सोमवारी माझ्या मुलीच्या लग्नाला चार महिने होतील. अल्बम साठ दिवसांत देऊ असं तुम्ही करारात लिहून दिलं होतं. आजपर्यंत माझ्या हाती आलंय ते एवढंच: तीन मिनिटांचा एक टीझर, एका लिंकवरचे ४१२ फोटो, आणि ‘उरलेले ८५ हजार जमा केल्याशिवाय पुढचं काही मिळणार नाही’ असा मेसेज. फोनवर बोलून झालं, तुमच्या इथल्या प्रतिनिधीला दोनदा जाऊन भेटले. म्हणून आता लेखी कळवते आहे. पत्र लांबेल, पण पूर्ण वाचा.

आमचं लग्न पाच ठिकाणी होतं. शुक्रवारी सकाळी गुलमंडीच्या आमच्या जुन्या घरी देवक आणि जात्यावरची हळद, संध्याकाळी सिडकोत संगीत. शनिवारी सकाळी मिटमिट्याच्या पुढे एका फार्महाउसवर हळद आणि रात्री जालना रोडवरच्या हॉटेलात सीमांतपूजन. रविवारी दुपारी बीड बायपासच्या लॉनवर लग्न आणि संध्याकाळी परत त्याच हॉटेलात रिसेप्शन. एवढी ठिकाणं कशाला, असं आमच्या नात्यातही काही जणांनी विचारलं. मुलीला आणि जावयांना हौस होती, दोघंही कमावतात, त्यांनी आपल्या पैशाने हौस केली, मला त्यात काही गैर वाटलं नाही. फार्महाउसवरचे पिवळे पडदे, झेंडूच्या माळा, पोरींचे सारख्या रंगाचे लेहंगे हे सगळं मला मनापासून आवडलं होतं. तुमचं काम निवडलं तेही मुलीनेच, आणि तुमच्या फोटोंतले रंग पाहून मीही लगेच हो म्हटलं.

माझी स्वतःची मागणी एकच होती, गुलमंडीच्या घराची. बुकिंगच्या दिवशी मी तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं की बाकी चार ठिकाणी तुम्ही तुमच्या मनाने फोटो काढा, त्यात मी एक शब्द बोलणार नाही. गुलमंडीच्या घरातलं मात्र मला मी सांगते तसं हवंय. त्याचं कारणही सांगितलं. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या पलंगावरच असतात. लॉनवर, हॉटेलात त्या येऊ शकत नव्हत्या. त्यांच्यासाठी लग्न म्हणजे ती शुक्रवारची सकाळ. म्हणून आम्ही त्यांचा पलंग ओसरीत आणला आणि जातं त्यांच्या उजव्या हाताला, पलंगाला लागून मांडलं. प्रतिनिधीने हे सगळं ऐकून करारात स्वतःच्या हाताने ओळ घातली: ‘गुलमंडी, सकाळी ८ ते १, दोन फोटो कॅमेरे, एक व्हिडिओ, मूळ आवाजासह.’ त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

‘मूळ आवाजासह’ हे शब्द मी आग्रहाने लिहून घेतले होते. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येतात. पुस्तकातल्या नाही, त्यांच्या आईच्या, आजीच्या, आणि बऱ्याचशा त्यांनी स्वतः जोडलेल्या. माझ्या नणंदांच्या लग्नात त्यांनी म्हटल्या होत्या तेव्हा आमच्याकडे टेप नव्हता. पुढे माझ्या मुलाच्या लग्नात त्या ऐन वेळी तापाने आजारी होत्या. नातीच्या हळदीला मी म्हणणार, हे त्यांनी दिवाळीपासून धरून ठेवलं होतं. एका ओवीत त्या घरातल्या एकेका माणसाचं नाव गुंफतात. गेलेल्या सासऱ्यांचंही येतं. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, तरी त्यातल्या चार ओव्या मला सलग म्हणता येत नाहीत. त्यांच्या पलीकडे आता ते कुणालाच येत नाही.

शुक्रवारी आठची वेळ ठरली असताना तुमची माणसं पावणेदहाला आली. तिघांऐवजी दोघं, आणि एकच मोठा कॅमेरा. तिसरा आदल्या दिवशीच्या दुसऱ्या लग्नाहून निघालाय असं सांगितलं. तो थेट संध्याकाळी सिडकोत उगवला. घर आधी बघून जाऊ असं करारात होतं, कुणी फिरकलं नव्हतं. आमचं घर माळवदाचं आहे. वर काळं पडलेलं सागवान, भिंती जाड, उजेड येतो तो चौकातून. माझ्या भाच्याला फोटोग्राफीचं कळतं. तो म्हणाला, पांढऱ्या छतावर फ्लॅश मारला तर उजेड खाली पसरतो, हे काळं लाकूड तो सगळा पिऊन टाकतं. इथे स्टँडवरचा एखादा सॉफ्ट लाइट हवाच. तुमच्या मुलांकडे तो नव्हता. एकाने आत डोकावून ‘इथे लाइट नाही, फ्रेम येणार नाही’ म्हटलं आणि पुढचा पाऊण तास दोघंही चौकात मुलीच्या बांगड्या, पैठणीचा पदर, तांब्याचा कलश आणि बाहेरच्या दाराच्या पितळी कड्या यांचे फोटो काढत बसले. कड्यांचे एकोणतीस फोटो लिंकवर आहेत. मी मोजले.

त्या पाऊण तासात आत ओव्या चालल्या होत्या.

मी स्वतः बाहेर येऊन त्यांना बोलावलं. एकजण आला, त्याने जात्यावर फिरणारा सासूबाईंचा हात आणि खाली पडणारी हळद टिपली. तोच तुकडा टीझरमध्ये आहे, आठ सेकंदांचा, हात अगदी सावकाश फिरतो, आणि वर कुठलं तरी गाणं लावलंय. दिसायला तो सुंदर आहे, हे मी खोटं बोलणार नाही. पण माझ्या मुलीने तो पाहिला आणि पहिलं काय विचारलं, तर ‘आजीचा आवाज कुठंय?’

भाच्याचं म्हणणं असं की स्लो मोशनमध्ये घेतलं तर पुष्कळ कॅमेऱ्यांत आवाज नोंदलाच जात नाही. तसं झालं असेल तर करारात ‘मूळ आवाजासह’ लिहिलेलं असताना तसं का घेतलं, याचं उत्तर मला हवं आहे. सासूबाईंचा चेहरा दिसेल असे चारशे बारांत सहा फोटो आहेत. त्यातल्या चारांत फोकस मागच्या खुंटीवर आहे, एकात त्यांनी डोळे मिटलेत. सहाव्यात त्या नातीकडे पाहून हसतायत, पण अर्धी चौकट पुढे उभ्या असलेल्या तुमच्याच मुलाच्या पाठीने व्यापली आहे.

आता हळदीचं. शनिवारी फार्महाउसवर काढलेला एकही फोटो आम्हाला मिळालेला नाही. ‘कार्ड करप्ट झाले’ असं तुम्ही ४ एप्रिलच्या मेलमध्ये लिहिलंत. मला ते पटत नाही, कारण त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता सीमांतपूजनाआधी तुमच्या मुलाने माझ्या मुलाला ‘दादा, कार्ड फुल झालंय, इथे जवळ कुठे मिळेल का?’ असं विचारलं होतं. दुकानं शोधायला वेळ नव्हता. पाहुणे दारात आले होते. तो म्हणाला, ‘राहू द्या, बघतो मी.’ त्याने काय बघितलं, ते मला सांगा. सकाळचं कार्ड कॉपी न करताच पुसून त्यावर रात्रीचं चित्रीकरण केलं का? त्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय होती, हे त्यानेच भाच्याला कौतुकाने दाखवलं होतं. दोन्हींवर एकाच वेळी फोटो उतरवता येतात, तसे का उतरवले नाहीत? मिटमिट्याला नांदेडच्या, परभणीच्या, उदगीरच्या सगळ्या बायका होत्या. वेरूळ, दौलताबादकडे जाणाऱ्या शनिवारच्या गर्दीत दीड-दीड तास अडकून त्या पोचल्या होत्या. माझ्या धाकट्या बहिणीने नवरा गेल्यानंतर सात वर्षांत पहिल्यांदा हळद लावून घेतली. ती नको-नको म्हणत होती, मुलीने तिचा हात सोडला नाही. ते आता आमच्या मोबाइलवर कुणी हलत्या हाताने काढलेल्या तीन फोटोंत आहे, बाकी कुठेच नाही.

ते कार्ड अजून तुमच्याकडे असेल तर त्यावर काही लिहू नका, ते परत फॉरमॅट करू नका. पुसलेल्या कार्डावरूनही, जेवढ्या भागावर नवीन काही चढलेलं नाही तेवढं, परत मिळू शकतं. आहे तसं कार्ड आमच्याकडे द्या. आम्ही आमच्या खर्चाने प्रयत्न करू.

लग्नाच्या दिवशीबद्दल थोडक्यात लिहिते. मंगलाष्टकं चालू असताना तुमचा व्हिडिओवाला गिंबल (कॅमेरा हलू नये म्हणून धरायचा दांडा) घेऊन अंतरपाटाच्या अगदी पुढ्यात फिरत होता. समोर बसलेल्या पाचशे माणसांना नवरा-नवरी दिसली नाहीत. माळ घातल्यावर ‘परत एकदा घाला, हसत’ असं त्याने सांगितलं आणि गुरुजी रागावले. कानपिळीच्या वेळी तुमचे सातही जण जेवायला बसले होते. त्यांनी पोटभर जेवावं अशीच माझी इच्छा होती, मीच त्यांना पानावर बसवलं होतं. पण सातांपैकी एकजण मागे थांबू शकत होता. माझ्या मुलाने जावयांचा कान पिळला, सगळा मांडव हसला, आणि त्याचा एकही फोटो नाही. रात्रीच्या ऐरणीदानाचंही तसंच. डोक्यावर दिव्यांची परडी घेतलेल्या विहीणबाईंचा एकच फोटो आहे, तोही मागून.

ड्रोनचे तुम्ही २५ हजार वेगळे लावले होते. रिसेप्शनच्या संध्याकाळी ‘इथे विमानतळ जवळ आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही’ असं कळवलंत. नियम बरोबरच आहे, ड्रोन नियम २०२१ पासून लागू आहेत आणि चिकलठाण्याचा विमानतळ जालना रोडवर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मग पैसे घेताना हे तुम्हाला माहीत नव्हतं का? जानेवारीत बीबी का मकबऱ्यात प्री-वेडिंगच्या वेळीही हेच. ट्रायपॉड आणि लाइट घेऊन आत शिरायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते. ती तुमची जबाबदारी होती, तुम्ही काढली नाही, आणि पहारेकऱ्याने अडवल्यावर माझी मुलगी आणि जावई नटूनथटून दोन तास उन्हात उभे राहिले. रिसेप्शनच्या फोटोंत मागच्या एलईडी पडद्यामुळे निम्म्या फोटोंवर आडवे काळे पट्टे आले आहेत. ‘एडिटिंगमध्ये जातील’ म्हणालात. मिळालेल्या फोटोंत ते तसेच आहेत.

करारामागच्या बारीक अक्षरात ‘डेटा नष्ट झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही’ असं छापलंय, हे तुमच्या माणसाने मला फोनवर वाचून दाखवलं. ते वाचून मी गप्प बसेन असं त्याला वाटलं असावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे काय हे दिलंय, आणि ग्राहकाच्या हक्कांवर गदा आणणाऱ्या एकतर्फी अटींना अनुचित करार म्हटलंय. दोन लाख घेऊनही तुम्ही मला आजवर पक्कं बिल दिलेलं नाही. बिल न देणं हीही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचं कार्यालय पुण्यात असलं तरी मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात मला तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. मला कोर्टकचेरीची हौस नाही. पण या पत्रानंतर पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग आयोगात मी जाणार आहे.

पैशाचं माझं म्हणणं साधं आहे. एकूण ठरले २ लाख ८५ हजार, दिले २ लाख. न उडालेल्या ड्रोनचे २५ हजार आणि हळदीच्या दिवसाचे, तुमच्याच दरपत्रकाप्रमाणे, ४० हजार यातून वजा करा. राहिलेले २० हजार मी १२ बाय ३६ चा अल्बम हातात पडेल त्या दिवशी देईन. पट्टे आलेले फोटो दुरुस्त करता येत असतील तर करा, नसतील तर अल्बममध्ये घालू नका. कड्यांचे फोटो काढून त्या पानांवर नात्यातली माणसं घाला. कुणाचे घालायचे ते मी बसून निवडून देते.

या सगळ्याच्या आधी मात्र मला गुलमंडीच्या मूळ फाइल्स हव्यात. न कापलेल्या, गाणं न लावलेल्या, जशा कॅमेऱ्यातून उतरल्या तशा. त्यांच्यासाठी लागेल ती हार्ड डिस्क मी विकत घेऊन तुमच्या इथल्या ऑफिसात ठेवली आहे, ११ जूनची पोच माझ्याजवळ आहे. लग्नातल्या त्या शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला तुमच्या दुसऱ्या मुलाने आमच्या देवळीत एक छोटा रेकॉर्डर ठेवलेला माझ्या जाऊबाईंनी पाहिलाय. त्याचा लाल दिवा चालू होता असं त्या शपथेवर सांगतात. तो रेकॉर्डर कुणाचा, त्यात काय उतरलं, ती फाइल आज कुठे आहे, हे त्या मुलाला विचारा आणि मला लेखी कळवा. आवाज असेल तर तो आधी पाठवा, अल्बमला आणखी महिना लागला तरी चालेल. नसेल तर ‘नाही’ असं स्पष्ट लिहा, कारण सासूबाईंचा आवाज अजून शाबूत आहे आणि आम्हाला त्यांना पुन्हा जात्याजवळ बसवावं लागेल. त्या रोज सकाळी विचारतात, कॅसेट आली का. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

आपली,
वधूची आई
(नाव, पत्ता व दूरध्वनी करारनाम्याप्रमाणे)

सोबत : करारनाम्याची प्रत, पैसे भरल्याच्या दोन नोंदी, ४ एप्रिलच्या मेलची छापील प्रत, हार्ड डिस्क दिल्याची पोच.