सैल वायर की अर्धवट बसलेला कनेक्टर?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोजणीतल्या चुकीमुळे प्रकाशाहून वेगवान ठरलेल्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांवरचा रविवारचा लेख वाचला. 'एका सैल वायरीने शास्त्रज्ञांची फजिती केली' एवढ्यावर लेखकाने विषय आटोपला आहे. माझी नोकरी टेलिफोन खात्यात ऑप्टिकल फायबरच्या कामात गेली, म्हणून हे पत्र.

फायबरचा जोड पार निसटला असता तर सिग्नलच गेला असता आणि फॉल्ट लगेच सापडला असता. इथे कनेक्टर नीट बसला नव्हता, तरी प्रकाश येत होता, फक्त कमी. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली हे न्यूट्रिनो टिपणाऱ्या ऑपेरा प्रयोगाला जीपीएसची वेळ बाहेरून ८.३ किलोमीटर फायबरमधून मिळे. प्रकाश मंद, म्हणून रिसीव्हरचे सर्किट ठरलेल्या पातळीला उशिरा पोहोचे. सुमारे ७३ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) उशिरा. तेवढे आतले घड्याळ मागे पडले आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून ७३० किलोमीटर आलेला न्यूट्रिनो लवकर पोहोचल्याची नोंद झाली. त्यात घड्याळाचा ऑसिलेटरही (ठोके देणारा भाग) किंचित चुकत होता, तोही उलट दिशेने. दोन्हींची वजाबाकी होऊन उरले साधारण ६० नॅनोसेकंद. एक चूक दुसरीला झाकत असेल तर फॉल्ट शोधणाऱ्याचे काय हाल होतात, ते लाइनवर काम केलेल्यालाच विचारावे!

न्यूट्रिनोंच्या पंधरा हजारांहून अधिक नोंदी होत्या, हे खरे. पण घड्याळच मागे असेल तर पंधरा लाख नोंदींनीही तेच उत्तर येणार. १९८७ च्या सुपरनोव्हाचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो प्रकाशाच्या जेमतेम तीन तास आधी आले होते. ऑपेराचा वेग खरा असता तर ते काही वर्षे आधी यायला हवे होते. शंका तिथेच यायला हवी होती, आणि ती अनेकांना आलीही.

फजिती म्हणावी, तर सप्टेंबर २०११ मध्ये निकाल मांडताना ऑपेराच्या शास्त्रज्ञांनीच इतरांना तपासायला सांगितले होते आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन्ही दोष स्वतःच जाहीर केले. शेजारच्या एलव्हीडी या दुसऱ्या प्रयोगाच्या यंत्रातून आणि ऑपेरातून आरपार गेलेल्या म्युऑन कणांच्या जुन्या नोंदींच्या वेळा ताडल्यावर घड्याळ २००८ पासूनच मागे असल्याचे दिसले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातले सर्वांत देखणे काम हेच. मार्चमध्ये प्रकल्पाचे प्रवक्ते अँतोनिओ एरेदितातो यांना पद सोडावे लागले, ते मला तरी पटलेले नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्यात एलव्हीडीचा उल्लेख व्हावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, मिरज