पॉली उम्रीगर यांच्या प्रदर्शनामागच्या काकांचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

भारताचे जुने कसोटी क्रिकेटपटू पॉली उम्रीगर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आमच्या शाळेत लावलेल्या प्रदर्शनाबद्दल सोलापुरातले अनेकजण माझे अभिनंदन करीत आहेत. त्यातला निम्म्याहून अधिक मजकूर आपल्या वह्यांतला असल्यामुळे आपले आभार चारचौघांत मानणे मला आवश्यक वाटते.

जिल्ह्यातल्या सामन्यांचे गुणलेखन सांभाळून आपण जुन्या कसोटी सामन्यांचे धावफलक ज्यांत उतरवून ठेवलेत, त्या वह्या म्हणजे कापड दुकानातल्या लाल बांधणीच्या चोपड्या. डाव्या पानावर शाईने आकडे, उजव्या पानावर पेन्सिलीने फलंदाज कसा आणि कोणाकडून बाद झाला याची नोंद, आणि खात्री नसेल तिथे समासात प्रश्नचिन्ह. उम्रीगरांच्या जन्मस्थळापुढेही ते होतेच, कारण काही नोंदींत सोलापूर आहे, तर काहींत मुंबई. गावाचा मान मोठा असला तरी दोन्ही नोंदी फलकावर याव्यात, असे आपण सांगितलेत आणि तसेच केले.

मात्र माझ्या दृष्टीने आपली खरी मदत १९५२च्या पानाची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात उम्रीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या. आणि लगेच आलेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये, कसोटीच्या सात डावांत मिळून त्यांच्या अवघ्या ४३ धावा झाल्या. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन याच्या वेगापुढे ते लेगकडे, म्हणजे चेंडूच्या रेषेपासून दूर, सरकतात, ही टीका तेव्हापासून त्यांना चिकटली. त्याच दौऱ्यात इतर सामन्यांत त्यांनी तीन द्विशतके ठोकली होती, हे टीकाकार सोयीने विसरतात! गौरवाच्या प्रदर्शनात हे ४३ कशाला, असे शाळेत काहींचे म्हणणे पडले, तेव्हा आपण काही न बोलता १९५९चे पान उघडून समोर ठेवलेत. मँचेस्टरच्या ज्या मैदानावर १९५२ साली भारताचा डाव ५८ धावांत आटोपला होता, तिथेच, ट्रूमन इंग्लंडच्या संघात असताना, उम्रीगरांनी ११८ धावा केल्या. सामना आपण हरलो. पण आधीचे पान झाकले असते, तर या ११८ धावांचे मोल मुलांना कळले नसते.

मधल्या काळातले १९५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातले उम्रीगरांच्या ५६० कसोटी धावांचे पानही आपणच शोधून दिलेत. हैदराबादच्या १९५५मधील २२३ धावांबद्दल मी फारसे लिहीत नाही. कसोटीत भारताकडून झालेले ते पहिले द्विशतक सर्वांना ठाऊक आहे, आणि सोलापूरकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ असल्याने ते आपल्या अंगणातच झाल्यासारखे वाटते.

मुले सर्वाधिक रेंगाळतात ती पोर्ट ऑफ स्पेनच्या १९६२च्या धावफलकापाशी. पहिल्या डावात १०७ धावांत पाच बळी, फलंदाजीत ५६, आणि फॉलोऑननंतर, म्हणजे पहिल्या डावात खूप मागे पडल्याने संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागली तेव्हा, नाबाद १७२. तरीही वेस्ट इंडीजने सामना सात गडी राखून जिंकला. एका मुलाने विचारले, ‘मग सामनावीर कोण?’ त्या काळी तसा पुरस्कार नव्हता, हे त्याला आपणच समजावलेत, आणि बीसीसीआयच्या वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला आज उम्रीगरांच्याच नावाचा पुरस्कार मिळतो, हेही सांगितलेत. त्याच मालिकेनंतर ते निवृत्त झाले, तेव्हा ५९ कसोटी, ३,६३१ धावा आणि १२ शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते.

बाकीच्या वह्या या रविवारी घरी आणून देतो. १९५२ची वही मात्र, आपली हरकत नसेल तर, प्रदर्शन संपेपर्यंत काचपेटीतच राहू द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
शाळेतील क्रीडाशिक्षक, सोलापूर