तूप अडलं, सोडे घरीच राहिले

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली आणि आपल्या अंकात 'फराळ परदेशी पाठवा' अशा जाहिराती सुरू झाल्या. परवा एका मिठाईवाल्याने 'विमानासाठी खास पॅकिंग' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. ते वाचून हे पत्र लिहायला बसलो. माझं म्हणणं एवढंच, की बांधणी कशी करायची हे सगळे सांगतात, पण आत काय भरू नये हे गिऱ्हाईकाला कोणीच सांगत नाही.

बांधणीतलं मला थोडंफार कळतं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून बत्तीस वर्षं काढली. टपावर चढणाऱ्या आंब्याच्या पेट्या, मासळीच्या पाट्या, फणस, एकदा तर कोंबड्यांचं खुराडं. कशाखाली पेंढा घालायचा आणि कशाला नुसती सुतळी पुरते, हे बघून बघून अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा बॅग भरायचं काम मी मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं.

माणशी तेवीस किलो. त्यात डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, सुंठ, ओवा, दोन डबे पेढे, खोबऱ्याच्या वाट्या आणि घरच्या म्हशीचं कणीदार तूप, दोन किलो. तुपाची बरणी बघायला हवी होती तुम्ही. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर आटे घट्ट, वर चिकटपट्टीचे चार वेढे, मग दोन पिशव्या आणि त्यावर माझा जुना खाकी शर्ट. लाडवांचे थर लावले ते आपल्याच दैनिकाच्या कागदात. रागावू नका, छपाईची शाई खाण्याला लागू नये म्हणून मध्ये बटर पेपर घातला होता.

सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, मात्र राहिले. जावयांना सोड्यांची खिचडी फार आवडते. सौ.ने पाऊण किलो सोडे निवडून डब्यात भरूनही ठेवले होते. मीच म्हटलं, "अगं, वास मारेल. तिथल्या विमानतळावर पकडतील. सुकी मासळी कोण आत सोडेल? पेढे-तुपाला कोणी काही म्हणत नाही." ती म्हणाली, "तुम्हाला काय ते कळतं." डबा फडताळात गेला.

आंबेही नेले नाहीत, पण ते लेकीच्या सांगण्यावरून. तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, ताजे आंबे आणू नका, इकडे सर्टिफिकेट लागतं." आंब्याचं आम्हा कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मे २०१४ मध्ये युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती ती फळमाशीपायी, आणि आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांच्यावरही. आंब्यावरची पुढच्या वर्षी उठली. प्रवाशाच्या बॅगेतल्या फळाला मात्र आता तिकडे रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. सुटका फक्त पाच फळांची: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. कढीपत्त्याच्या चार काड्यासुद्धा त्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. म्हणून आंब्याऐवजी साठं घेतलं. ते सुकवलेलं, त्याचा प्रश्न नव्हता.

पहिला धक्का मुंबईतच बसला. बॅग आत गेली आणि पाच-दहा मिनिटांत आमचं नाव पुकारलं. क्ष-किरणांत खोबऱ्याच्या वाट्या दिसल्या होत्या. सुकं खोबरं आपल्याकडे विमानात चालत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि खाली जाणाऱ्या सामानातही नाही. "अहो, खोबरं म्हणजे काय बॉम्ब आहे का?" सौ.चा आवाज चढला. तिथला पोरगा हसला, पण वाट्या काढूनच घेतल्या. मला ते लगेच पटलं. खोबऱ्यात तेल असतं. ढीग करून कोंडून ठेवलं आणि त्यात थोडी ओल राहिली, तर ते आपलं आपण तापत जातं. आमच्या पार्सलच्या खोलीत खोबऱ्याच्या पोत्यात हात घातला तर आत ऊब लागायची. विमानवाल्यांच्या यादीत ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. कारण ऐकलं असतं तर आम्ही घरीच काढून ठेवलं असतं. पण हे चिपळुणात कोण सांगणार? तिकीट काढून देणाऱ्याने सांगितलं ते वजनाचं, आणि जास्तीच्या किलोला किती पैसे पडतील त्याचं.

जर्मनीत उतरलो. 'जाहीर करण्यासारखं काही नाही' अशा हिरव्या वाटेने आम्ही निघालो, कारण जाहीर करण्यासारखं काही आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. एका तरुण बाईने थांबवलं. हातमोजे घातले, बॅग उघडली. माझा खाकी शर्ट, दोन पिशव्या, चिकटपट्टीचे चार वेढे, सगळं तिने न कंटाळता सोडवलं. दोरीची गाठ सोडवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, नाहीतर लोक सरळ कापतात. बरणी उजेडात धरून तिने विचारलं, "मिल्क?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण घरच्या दुभत्याचा अभिमान! मी छाती पुढे काढून म्हटलं, "बफेलो! प्युअर!"

तिने बरणी बाजूला ठेवली. पेढ्यांचे डबेही उघडले, एक पेढा मोडून पाहिला आणि ते बरणीशेजारी गेले. लाडवांकडे बराच वेळ बघत होती. सहकाऱ्याला बोलावलं, दोघांचं काही बोलणं झालं आणि लाडू परत मिळाले. लाडवांत तूप नव्हतं का? चांगलं दोन शेर होतं. पण तिकडे मिठाई, बिस्किटं, केक असल्या जिनसांना सूट आहे, त्या सदरात लाडू बसवले असावेत. दुसऱ्या दिवशी दुसरा अधिकारी असता तर काय झालं असतं, याची मी खात्री देणार नाही. दंड केला नाही, जर्मन भाषेतला एक कागद हातात दिला. तूप कचऱ्याच्या निळ्या पिंपात पडलं तेव्हा सौ.ने तोंड फिरवलं.

टॅक्सीत बसल्यावर मी तावातावाने म्हणालो, की कढवलेल्या तुपात कुठला जंतू राहतो? जावई शांतपणे म्हणाले, "बाबा, इकडे जानेवारीत काय झालं माहीत आहे का?" बर्लिनजवळ एका कळपात लाळ-खुरकुताची लागण निघाली होती. जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदाच. आणि ती जनावरं कुठली, तर म्हशी! कळप मारावा लागला, जनावरांची ने-आण थांबली, देशाबाहेर जाणारा दूध-मांसाचा व्यापार अडला. त्यानंतर चार महिन्यांनी मी भारतातून येऊन त्यांना सांगतो, बफेलो, प्युअर. आपल्याकडे लाळ-खुरकूत म्हटलं की लस टोचायला डॉक्टर येतात आणि जनावर आठ-पंधरा दिवसांत खायला लागतं. त्यामुळे त्याची धास्ती आपल्याला तेवढी नाही. ज्यांच्याकडे तो रोगच नाही त्यांना एका डब्यातून तो आत आला तर परवडत नाही. तूप कढवलेलं आहे की कच्चं, हे ते बरणीगणिक तपासत बसत नाहीत. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानातलं दूध आणि मांस, सरसकट बंद.

त्याच रात्री लेकीने तिथल्या कस्टमची वेबसाइट उघडून मोठ्याने वाचून दाखवलं. दूध नाही, तूप नाही, चीज नाही, मांस नाही. मध दोन किलोपर्यंत चालेल. आणि मासळी? स्वतःच्या खाण्यासाठी, सुकवलेली असो की शिजवलेली, कोळंबीसुद्धा, माणशी वीस किलोपर्यंत.

वीस किलो! सौ. माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

अळिवाच्या लाडवांचं वेगळंच झालं. ते कोणी अडवले नाहीत, ते आपले आपणच गेले. त्यात ओलं खोबरं. चिपळूणहून दुपारी गाडी निघाली ती मेच्या उन्हात, मग मुंबईत पाच तास, मग विमान, मग पुढची गाडी. दीड दिवस झाला. हे लाडू आम्ही त्याच मिठाईवाल्याकडून हवा काढून घेतले होते. डबा उघडला तर पाकीट उशीसारखं फुगलेलं, आणि कात्री लावताच आंबूस वास. हवा काढली म्हणजे नासणं थांबलं, असं होत नाही. ओलसर पदार्थाला थंडावाच हवा. डिंकाचे लाडू महिनाभर टिकले, कारण त्यात पाण्याचा अंश नाही. ही अक्कल आमच्या आज्यांना होती, त्यांनी प्रवासाला कधी ओल्या नारळाचं काही बांधून दिलं नाही. 'खास पॅकिंग' आल्यापासून आपण ती सोडून दिली.

आता मिठाईवाल्यांना विनंती. गिऱ्हाईक 'परदेशी न्यायचंय' म्हणालं, की 'कुठल्या देशात?' एवढा एक प्रश्न विचारा. दुबईला जाणार असेल तर अनारसे देऊ नका. आमच्या शेजारचा मुलगा तिथे नोकरीला आहे, त्याची आई दर दिवाळीला अनारसे बांधायला निघते आणि दर वेळी आम्ही तिला अडवतो. अनारशांवर खसखस असते, कित्येक घरी करंजीच्या सारणातही असते, आणि दुबईत, सौदीत, सिंगापुरात खसखशीला अमली पदार्थांच्या कायद्याने बंदी आहे. तिथे तुपासारखं पिंपात टाकून भागत नाही, पोराच्या नोकरीवर आणि सुटकेवर बेतायचं. ऑस्ट्रेलियात तर उतरण्याआधीच कार्ड भरून घेतात, खाण्याचं काही आहे का म्हणून. लिहून दिलं तर फार तर जिन्नस जातो. लपवलं आणि सापडलं तर दंड. 'काही नाही' अशी खूण आपले लोक सवयीने करतात.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. दिवाळीच्या आधी एकदा आणि आंब्याच्या दिवसांत एकदा, त्या जाहिरातींच्याच पानावर एक चौकट छापा. कुठल्या देशात काय चालत नाही, साध्या मराठीत, तारीख घालून, कारण हे नियम बदलत असतात. तिकडची माहिती जर्मनमध्ये आणि इंग्रजीत आहे, आणि बॅग भरणारी माणसं आमच्या वयाची आहेत.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला यंदा पुन्हा जाऊन आलो. तूप तिथल्या लोण्याचं लेकीनेच कढवलं होतं. रंग पिवळा, गाईचं, कणी अजिबात नाही. सोड्यांचा डबा मात्र या वेळी मी स्वतः उचलून बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता. कोणी उघडून पाहिलाच नाही.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, चिपळूण