अनुदान पुस्तकांना, मग चित्रांचे काय?

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची मी वाचक. १८६४ सालची ही संस्था. पुस्तकांबरोबर तिचे स्वतःचे वस्तुसंग्रहालय आहे, कोकणातल्या कर्त्या माणसांच्या तैलचित्रांचे कलादालन आहे. २०१३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरले ते हिच्याच यजमानपदाखाली, तेव्हा ओळख करून देत बसत नाही.

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या तारखाही इथे कुणाला समजावाव्या लागत नाहीत. दोन्ही वेळा पुराचे पाणी वाचनालयात शिरले, पुस्तकांचा लगदा झाला. दोन्ही वेळा लोकांनी हात दिला आणि वाचनालय पुन्हा उघडले. आमच्या जिद्दीचे कौतुक त्यानंतर पुष्कळ झाले. आता ते पुरे.

२०२२ मध्ये शासनाने ग्रंथालयांचे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवले, त्याबद्दल आभारच. पण अनुदानाचा हिशेब ग्रंथ, नियतकालिके आणि सेवकांचे पगार यांच्याभोवती फिरतो. १९६७ चा ग्रंथालय कायदा करताना भिंतीवरच्या चित्राचा विचार कुणाच्या मनात आला नसेल, तो दोष मी देत नाही. आज मात्र तो करायला हवा.

कारण चित्राला पुराचीच गरज लागते असे नाही. जून ते सप्टेंबर आमची हवाच ओली. दमट-कोरड्या फेऱ्यांत कॅनव्हास सैलावतो, ताणतो. वरचा वाळलेला रंग त्याच्यासोबत हलत नाही. मग भेगा, मग पापुद्रे. मागच्या बाजूने बुरशी धरते, ती तर फ्रेम उतरवल्याशिवाय दिसतही नाही. एखादा उत्साही हात ओल्या फडक्याने चित्र पुसतो, तो बुरशीपेक्षा वाईट. हे काम जाणकाराचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या संवर्धनाचे केंद्र आहे. तिथला तज्ज्ञ वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, कोकणातल्या जुन्या वाचनालयांत पाठवायला किती खर्च येईल? रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. एकाच फेरीत सगळे होईल.

दुसरी मागणी ऐकून आपण हसाल. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी येते. तेवढ्या वेळात हजारो पुस्तके पंख्याखाली वाळत नाहीत. जगभर अशा वेळी पुस्तके गोठवतात, म्हणजे सवडीने, एकेक करून सुकवता येतात. आमच्या किनाऱ्यावर मासळी गोठवणारे कारखाने आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांच्याशी आधीच करार करून ठेवावा, गाड्या आणि प्लास्टिकचे क्रेट कुठून यायचे ते ठरवावे. दुर्मीळ ग्रंथाला सुरमईचा वास लागला तरी आमची तक्रार नाही.

अधिकारी पंचनाम्याला येतात तेव्हा नुकसान रुपयांत मांडावे लागते. कलादालनातल्या चित्रांची छायाचित्रांसह सरकारी नोंदच नसेल तर काय मांडणार? ती नोंद ग्रंथालय संचालनालयाने या मे महिन्याच्या आत करून घ्यावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

कळावे.

आपली,
चिपळूणची एक वाचक