ओल भिंतीला, मुदत कागदावर

महोदय,

स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. आमच्या नव्या इमारतीत मात्र पहिल्याच पावसाळ्यात भिंतींना ओल आली, तेव्हा रहिवाशांनी खिडक्यांना जाळ्या बसवल्यामुळेच गळती होते, असे लेखी उत्तर देऊन विकासकाने हात झटकले. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, भरपाईचा आदेश दिला तरी वसुलीसाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तोवर गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबाने, तेही तान्ह्या मुलासह, बुरशीतच राहायचे का? अशा प्रत्येक तक्रारीत स्वतंत्र अभियंत्याची पाहणी १५ दिवसांत बंधनकारक करावी आणि तिचा खर्च विकासकाकडून घ्यावा.

– एक सदनिकाधारक, ठाणे