कादंबरीतला नायक आणि भाऊसाहेबांचा तोतया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विश्वे अगणित असतील, तर कथा-कादंबऱ्यांतील प्रत्येक पात्र त्यांपैकी कुठल्यातरी विश्वात खरोखर नांदत असलेच पाहिजे, असे आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात म्हटले आहे. इथल्या एका गणेशोत्सवातील व्याख्यानातही हेच ऐकले होते आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अगणित म्हणजे सर्व प्रकारचे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. एकाला तीनने भागत बसले तर दशांशचिन्हापुढे तीनच्या मागून तीन येत राहतील, पण त्यांत सात कधीही सापडणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये पुंजयामिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा, म्हणजे अणुरेणूंच्या पातळीवरील भौतिकशास्त्राचा) जो अर्थ मांडला, त्यात विश्वाला शाखा फुटतात हे खरे. मात्र प्रत्येक शाखेत निसर्गनियम तेच राहतात आणि त्या नियमांत बसते तेवढेच घडते. प्रेतात शिरून राजाला गोष्टी सांगणाऱ्या वेताळाला तिथेही थारा नाही. (संस्कृत ग्रंथांत सशाचे शिंग आणि वांझेचा पुत्र हे दाखले जोडीने येतात, पण त्यांची पंगत एक नव्हे. शिंगवाला प्राणी अन्यत्र उत्क्रांत होऊ शकेल. वांझेचा पुत्र शब्दांतच खोडला जातो.)

यावर कोणी म्हणेल की, वेताळ जाऊ द्या, पण कादंबरीतला साधा, हाडामांसाचा नायक तरी कुठे असेल की नाही? खरी मेख इथेच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, अशी एक शाखा असू शकेल, असे म्हणायला निदान वाव आहे, कारण त्या क्षणापर्यंत दोन्ही शाखांचे खोड एकच आहे. आईबाप तेच आणि बालपणही तेच. त्याच रणातून महादजी शिंदे जखमी होऊनही वाचले. ते वाचले नसते, तर त्यांचे वारस दौलतराव शिंदे यांच्या लष्कराची छावणी इथे ग्वाल्हेरला पडली नसती आणि या पत्राखाली लष्कर हा पत्ता आला नसता. कादंबरीतल्या नायकाला मात्र असे खोडच नसते. लेखकाने लिहिले तेवढाच तो. दूरच्या विश्वात त्याच नावाचा, त्याच चेहऱ्याचा आणि तशाच आयुष्याचा माणूस निघालाच, तरी तो योगायोगाने जुळलेला दुसरा कोणीतरी असेल. तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांचा युक्तिवादही याच दिशेचा आहे.

आपल्या इतिहासाने हा प्रश्न एकदा हाताळलेला आहे. पानिपतानंतर आपण सदाशिवरावभाऊ असल्याचे सांगत एक इसम पुढे आला आणि अनेकांनी त्याला भाऊसाहेब मानलेही. चौकशीत प्रश्न केवळ चेहरा किती जुळतो एवढा नव्हता. हा माणूस पानिपतापूर्वी कोण होता आणि कुठे होता, हे पाहायचे होते. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. दूरच्या विश्वातल्या त्या नायकालाही पूर्वायुष्य विचारले, तर तो स्वतःचेच सांगेल. त्यात आपल्या लेखकाचा, त्याच्या टेबलाचा किंवा शाईचा कुठेही संबंध नसेल.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर