ताई, त्या पिवळ्या हायलायटरसाठी थँक्यू

प्रिय ताई,

तुम्ही या महिन्यात रिटायर होताय हे कळल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, पण फोनवर बोलायला लागलो की मुलांचं, थंडीचं, कुणाच्या गुडघ्याचं असं करत अर्धा तास जातो आणि हे राहूनच जातं. म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहिते. सगळ्यांसमोर यासाठी पण की आपण प्रॉस्पेक्ट रिसर्चवाले, म्हणजे संस्थांसाठी मोठे देणगीदार शोधणारे, नक्की काय काम करतो हे आपल्या लोकांना फारसं माहीतच नसतं, मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं.

२०१४ ला मी साताऱ्याहून न्यू जर्सीला आले. कॉलेजच्या लायब्ररीत नऊ वर्षं काम केलेलं आणि इथे एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्यावर, घरात बसून. २०१५ ला नियम बदलला, नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचलं असेल तर एच-फोरवाल्यांना पण काम करायची परवानगी मिळायला लागली, माझं कामाच्या परवानगीचं कार्ड २०१६ च्या उन्हाळ्यात आलं. कार्ड आलं पण करायचं काय? लायब्रेरियनच्या नोकऱ्यांना इथली डिग्री मागत होते आणि परत शिकायला तेवढे पैसे नव्हते. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या लाइनीत तुम्ही माझ्या मागे होतात. मी लायब्रेरियन होते म्हणल्यावर तुम्ही म्हणालात, "अगं मग तू माझ्या कामाची आहेस, शनिवारी घरी ये."

त्या शनिवारी डायनिंग टेबलवर तुम्ही एका फॅमिली फाउंडेशनचा, म्हणजे एका कुटुंबाच्या पैशातून देणग्या देणाऱ्या संस्थेचा, फॉर्म ९९०-पीएफ ठेवलात, प्रिंट काढलेला, आणि पिवळा हायलायटर माझ्या हातात दिलात. अमेरिकेत प्रत्येक प्रायव्हेट फाउंडेशनला हा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो, ट्रस्टी कोण, गुंतवणूक किती, कुणाला किती ग्रँट दिली, सगळं. तुम्ही म्हणालात, आकडे नंतर बघ, आधी नावं वाच. आणि तो एक छोटा चौकोन दाखवलात, त्यावर टिक असेल तर त्याचा अर्थ हे फाउंडेशन आधीच निवडलेल्या संस्थांनाच पैसे देतं, अर्ज पाठवू नका. मी म्हणलं, मग संपलंच की. तुम्ही म्हणालात, "नाही, इथूनच आपलं काम सुरू होतं, ट्रस्टींमध्ये आपण जिच्यासाठी देणगी शोधतोय त्या युनिव्हर्सिटीत शिकलेलं कोण आहे ते शोध." ताई, नऊ वर्षं कॅटलॉग केलेल्या बाईला त्या दिवशी कळलं की तिचं ज्ञान वाया गेलेलं नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रॉस्पेक्ट रिसर्च म्हणजे एखाद्या युनिव्हर्सिटीला, हॉस्पिटलला किंवा संस्थेला मोठी देणगी कोण देऊ शकेल आणि मुळात त्याला ती का द्यावीशी वाटेल हे जाहीर कागदपत्रांतून शोधायचं, आणि भेटायला जाणाऱ्या माणसाच्या हातात दोन पानांची प्रोफाइल द्यायची. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या कंपनीचे शेअर विकले की दोन कामकाजाच्या दिवसांत फॉर्म ४ नावाचा जाहीर फॉर्म भरावा लागतो, तो वाचायचा, घराचे टॅक्स रेकॉर्ड बघायचे, जुन्या देणग्या बघायच्या. पण "नेट वर्थ" हा शब्द प्रोफाइलमध्ये लिहायचा नाही हे तुम्ही पहिल्याच महिन्यात बजावलंत, कारण माणसाचं घर आपल्याला दिसतं, कर्ज दिसत नाही.

आणि ती घटस्फोटाची गोष्ट. मला पहिली नोकरी लागल्यावर एका देणगीदाराच्या प्रोफाइलमध्ये मी पेपरात आलेलं त्याच्या घटस्फोटाचं सगळं लिहून टाकलं होतं, वाटलं जेवढी माहिती तेवढं चांगलं. नाव गाव काढून तुम्हाला विचारलं, असं लिहिलं तर चालतं का, तुम्ही एवढंच म्हणालात की उद्या तो माणूस ऑफिसात येऊन माझी फाइल दाखवा म्हणाला तर तू त्याच्यासमोर बसून वाचू शकशील का. मी तो परिच्छेद त्याच दिवशी काढला. मग तुम्ही ब्रिटनमधलं प्रकरण वाचायला दिलंत. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या इन्फर्मेशन कमिशनरनं, म्हणजे लोकांच्या खाजगी माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानं, आरएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला २५,००० पौंड आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८,००० पौंड दंड केला होता, देणगीदारांना न सांगता त्यांच्यातलं कोण किती श्रीमंत आहे याची चाळणी लावली म्हणून, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आणखी अकरा संस्थांना. इथे अमेरिकेत पण निवडणुकीला पैसे देणाऱ्यांची यादी जाहीर असते, पण तिथून नावं उचलून देणगी मागायला कायद्यानं मनाई आहे. दिसतंय म्हणून वापरायचं नसतं, हे मला इतक्या लवकर कुणी शिकवलं याचं आज फार बरं वाटतं.

पण खरे आभार मानायचेत ते त्या पाच नावांच्या चिठ्ठीसाठी. "या पाच जणींना ईमेल कर, नोकरी मागू नकोस, वीस मिनिटं माग." मला ते फार जड गेलं. आपल्याकडे ओळखीनं काम करून घेणं म्हणजे वशिला, आणि आमच्या अण्णांनी आयुष्यात कुणाकडे शब्द टाकला नाही, मी कसा टाकू. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, वशिल्यात दुसऱ्याची जागा आपण घेतो, इथे तू फक्त विचारणार आहेस की तुम्ही हे काम कसं शिकलात, आणि हे काम करणारी बहुतेक माणसं ऑफिसात एकटी असतात, त्यांना असं विचारणारं कुणी भेटत नाही. पाचपैकी चौघी बोलल्या! एक तर पन्नास मिनिटं बोलली. दुसऱ्या दिवशी थँक्यू लिही आणि सहा महिन्यांनी पुढे काय झालं ते कळव, हे पण तुमचंच, ते मी अजून पाळते.

तिसरी होती तिनं मला अप्राच्या, म्हणजे आपल्या रिसर्चर्सच्या संघटनेच्या, ग्रेटर न्यूयॉर्क चॅप्टरमध्ये नेलं. तिथे मी वर्षभर मागच्या रांगेत बसून नुसत्या नोट्स काढल्या. मग एकदा तुम्हाला सहज सांगितलं की देणगीदारांची माहिती जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरनं इथल्या एडिसन गावातल्या दोन वेगळ्या पटेलांची घरं एकाच माणसाच्या नावावर जमा केली होती आणि मी ते मधल्या अक्षरावरून पकडलं, आपल्याकडे आणि गुजरात्यांत मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, म्हणजे बायकोचं आणि मुलांचं मधलं अक्षर जुळलं की कुटुंब सापडतं, आणि लग्नानंतर बाईचं मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलतं म्हणून माजी विद्यार्थिनी डेटाबेसमधून हरवतात, तमिळ लोकांत तर आडनावाच्या जागी वडिलांचंच नाव असू शकतं. तुम्ही मला मधेच थांबवून म्हणालात, "हे इथे कुणाला माहीत नाहीये, तू उभी राहून सांग." वीस मिनिटं बोलले, हात थरथरत होते, तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. नंतर जेवढी माणसं येऊन भेटली तेवढी मी मागच्या वर्षभरात स्वतःहून भेटले नव्हते.

२०२० च्या जूनमध्ये माझी जागा कापली, तेव्हा त्यातल्याच तिघांचे फोन आले. मी कुणाला कळवलं नव्हतं, तुम्ही कळवलं होतंत. आजची नोकरी त्यातल्या एका फोनमुळे आहे.

गेल्या महिन्यात सांगलीची एक मुलगी भेटली, एम.लिब. झालेली, कार्ड नुकतंच आलेलं. तिला शनिवारी घरी बोलावलंय. तुमचा तो प्रिंट अजून माझ्याकडे आहे, हायलायटर पुसट झालाय पण चौकोनाभोवतीचं वर्तुळ दिसतं. तुम्हाला वेळ असेल तर तुम्ही पण या, चारला, मी थालीपीठ करतेय.

तुमची,
प्रसादाच्या लाइनीतली